मैदानाकडे पाठ

सुवार्ता,

नऊ दिवसांपूर्वी तुला माती दिली, तेव्हा मी खड्ड्याकडे पाठ करून उभा होतो. पाळकांची प्रार्थना चालू होती, दोर हळूहळू सुटत होते, आणि मी तुझ्या आईच्या, शांताच्या, चेहऱ्याकडे पाहत होतो. कोणी म्हणाले, म्हाताऱ्याला बघवत नाही. कोणी खांद्याला धरून मला वळवू पाहिले. मी वळलो नाही. त्यात दुःखाचा भाग नव्हता, सवयीचा होता. महत्त्वाचे काही घडत असताना पाठ तिकडे आणि डोळे समोरच्या चेहऱ्यावर, ही शिस्त तूच मला लावलीस. पेटी तळाला टेकल्याचे मला शांताच्या चेहऱ्यावरून कळले.

त्यानंतर विशेष काही वाटलेले नाही. जेवतो. झोपतो. तुझ्याकडे यायच्या सकाळच्या शटल गाडीची वेळ झाली की पायात चपला घालतो आणि मग काढून ठेवतो.

ज्यांनी तुझा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी चार वाक्ये लिहितो. तुला ती कंटाळवाणी वाटतील. बोचिया हा बसून खेळायचा खेळ. एक पांढरा चेंडू पुढे सोडायचा. मग एकाचे सहा लाल, दुसऱ्याचे सहा निळे. ज्याचा चेंडू पांढऱ्याच्या अधिक जवळ, त्याला गुण. ज्यांच्या हातात फेकण्याइतके बळ नाही, ते उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतात. तिला रॅम्प म्हणतात. रॅम्प हलवायला एक साहाय्यक असतो. त्याने खेळाडूकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. बोलायचे नाही, सुचवायचे नाही, खेळाडू सांगेल तेवढेच हलवायचे. आणि डावाचा निकाल जाहीर होईपर्यंत मागे वळून पाहायचे नाही. तो वळला तर शिक्षा खेळाडूला होते.

बारा वर्षे तुझा साहाय्यक मी होतो.

दौंडच्या रेल्वे शेडमधून फिटर म्हणून निवृत्त होऊन मला तेव्हा दोन महिने झाले होते. तू सतरा वर्षांची होतीस. पुण्यात अपंग मुलांचे कसले शिबिर होते, तिथून केडगावला परतलीस आणि मला निरोप धाडलास. मी आलो. चहा होण्याआधीच तू विषय काढलास.

"मामा, मला एक घसरगुंडी करून द्या."

"तुला कोण चढवणार तिच्यावर?" मी म्हणालो. माझे बोलणे असेच होते. आजही आहे.

"मला न्हाई, चेंडूला बसवायचंय."

शांता आतून म्हणाली, "दादा, तिच्या नादी लागू नगंस. सकाळधरनं मला दोरी धरायला लावून मापं घेतीया."

तू पाठ केलेली मापे मला सांगितलीस. लांबी, उंची, कोन. एकही आकडा चुकला नव्हता. पाचव्या वर्षापासून तुझे स्नायू तुला सोडून चालले होते. मान, वाचा आणि नजर एवढेच तुझ्या ताब्यात होते. पण शेडमध्ये मी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांतल्या निम्म्या साहेबांना इतके नेमके माप सांगता येत नसे.

पावसाच्या पाण्याचा पाइप उभा चिरून पहिला रॅम्प केला. दोन तुकडे जोडले होते. चेंडू उतरायचा, ठीक जायचा, असे मला वाटायचे. तू डोळे मिटून ऐकलेस आणि म्हणालीस, "सांध्यावर ठेच लागतीया." मी बोट फिरवून पाहिले. बोटाला काही लागले नाही. "लागतीया," तू म्हणालीस. आठ दिवस मी तो सांधा पॉलिश पेपरने घासत होतो. नवव्या दिवशी चेंडू उतरला, तेव्हा आवाज वरपासून खालपर्यंत एकसारखा आला. तू एवढेच म्हणालीस, "आता नितळ हाय."

आयुष्यभरात मला याहून चांगला तपासनीस मिळाला नाही. हे त्या वेळी बोललो नाही. नंतरही नाही.

सराव चर्चमागच्या हॉलमध्ये होई. फरशीवर खडूने आखलेले मैदान, आणि तुझ्या खुर्चीसमोर स्टुलावर मी. डोक्याच्या पट्ट्याला बांधलेल्या काडीने तू चेंडू वर अडवून धरायचीस आणि मान किंचित उचलून सोडायचीस. त्याआधी हुकूम. "डावीकडं. अजून. लई झालं. मागं. केसभर मागं." केसभर म्हणजे किती, हे मी विचारले नाही. शेडमध्ये चाळीस वर्षे मी हाताखालच्या पोरांना ओरडत आलो होतो. इथे तू ओरडायचीस आणि मी हलवायचो. "रेल्वेत केसभर शिकवत न्हाईत व्हय, मामा? तरीच गाड्या उशिरा येत्यात," असे एकदा म्हणालीस. हॉल झाडणारी बाई झाडू टाकून हसत बसली. मी हसलो नाही. दौंडला पोहोचल्यावर हसलो.

सरावात वळून पाहायला मनाई नव्हती. ती तू घातलीस. "हितं वळलात तर तिथं मान आपसूक वळंल." तुझे म्हणणे बरोबर होते. त्यामुळे बारा वर्षांत तुझा एकही चेंडू मी पाहिला नाही. मी तुझा चेहरा पाहिला. चेंडू पांढऱ्याकडे चालला की तुझी डावी भुवई वर जायची. लांब राहिला तर खालचा ओठ आत जायचा. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू उधळला गेला तर नाकपुड्या फुलायच्या; त्या लपवायला तुला कधी जमले नाही. पंचांनी गुण सांगण्याआधी ते मला ठाऊक असत. राज्याची विजेतेपदे, देशपातळीवरची दोन पदके, हे सगळे मी एका भुवईवर वाचले आहे.

पहिले विजेतेपद आणलेस, तेव्हा गावाने सत्कार केला. शाल तुला न देता तुझ्या आईच्या खांद्यावर टाकली आणि नारळ माझ्या हातात दिला. नंतर चहा पिताना साखर कारखान्याचे एक माजी संचालक मला म्हणाले, "आप्पा, खरं सांगा, चेंडू घरंगळतो उताराला. पोरगी काय करती त्यात?" ते हे तुझ्यासमोर म्हणाले, तू तिथे नाहीस अशा थाटात. तू म्हणालीस, "काका, गोळी बंदुकीतनं जाती. मग नेम बंदुकीचा म्हणायचा का?" त्यांचा चहा बशीत सांडला. मी नारळ तुझ्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची वळवली. त्या दिवशीचे माझे वागणे तुला आवडले होते. तू घरी सांगितलेस, म्हणून मला कळले.

आता त्या शेवटच्या स्पर्धेविषयी. आपले भांडण तिथेच राहिले आहे.

स्पर्धेच्या बारा दिवस आधी तुला तपासणीला पुण्याला नेले होते. तुला आत मशीनवर श्वास फुंकायला लावले होते. डॉक्टर बाहेर बोळात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "फुप्फुसं साथ देत नाहीत. ही स्पर्धा खेळू दे. पुढच्या वर्षी खेळवू नका." पुढच्या वर्षाविषयी ते आणखी काही बोलले. मी मान हलवली. परतताना गाडीत तू विचारलेस, "काय म्हणले?" मी सांगितले, "नेहमीचंच." तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस.

अंतिम सामना मनीषाशी होता. वाचणाऱ्यांसाठी सांगतो: मनीषा शिरूर तालुक्यातल्या कारेगावची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गच्चीवरून पडली आणि मानेखालचे अंग गेले. नवरा संतोष कंपनीत कंत्राटावर आहे, तोच तिचा साहाय्यक. त्यांचा रॅम्प कुणी तरी दान दिलेला, डुगडुगणारा. त्या रॅम्पवर ती अंतिम सामन्यापर्यंत आली होती, याचे तुला माझ्यापेक्षा अधिक कौतुक होते.

तीन डाव झाले. गुण तीन-तीन. चौथ्या डावात तुझा शेवटचा एक चेंडू उरला. मनीषाचा निळा पांढऱ्याच्या अगदी जवळ होता. हे मला तुझ्या आत गेलेल्या ओठावरून कळत होते. तू बराच वेळ घेतलास. "उजवीकडं. थांबा. उंची बोटभर कमी. मागं. केसभर मागं." मग मान उचललीस. चेंडू माझ्या गुडघ्यांमधून उतरला. आवाज नितळ होता.

तुझी भुवई वर गेली नाही. ओठ आत गेला नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हते. तू माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होतीस, जशी गाडी गेल्यावर माणसे रुळाकडे पाहत राहतात.

मी वळलो.

चेंडू अजून चालत होता. मी त्याला थांबताना पाहिले. मग पंचांचा हात वर गेलेला पाहिला.

तो डाव तूच जिंकलास. पण माझ्या वळण्याबद्दल मनीषाला एक जादा चेंडू मिळाला. मैदानाच्या मधल्या चौकटीत तो थांबवला की एक गुण. तिने थांबवला. चार-चार. निकालासाठी आणखी एक डाव झाला. त्यात तुझी मान थकली होती. मनीषा जिंकली आणि रडली. संतोषने माझे पाय धरले. का, ते त्यालाही माहीत नसावे.

परतताना गाडी चौफुल्याच्या नाक्यावर आली. मग म्हणालीस, "का वळलात, मामा?"

"चूक झाली."

"तुमच्याकडनं चूक व्हत न्हाई. तुम्हाला वाटलं, गेला म्हणून. माझ्यावर इसवास न्हाई राहिला."

"तसं नाही."

"मग कसं?"

कसे ते सांगायचे, तर बोळातले बोलणे सांगावे लागले असते.

तू हळू बोलत होतीस. तुला त्या दिवशी दम पुरत नव्हता. "बँकेत मी अंगठा लावला तरी साहेब आईला विचारतो, हिला कळतंय का. भाजीवाली पैसे माझ्या मांडीवरनं घेती आन् आईकडं बघून विचारती, बरोबर हायेत का. मी केलेलं समदं कुणीतरी मागनं तपासून बघतं. एकटं तुम्ही बघत नव्हता. मला वाटायचं, नियम हाय म्हणून न्हाई, तुम्हाला गरजच वाटत न्हाई."

मी माफी मागितली. गाडीत एकदा. घरी शांतासमोर एकदा. दुसऱ्या दिवशी दौंडहून मुद्दाम येऊन एकदा. तीनही वेळा तू म्हणालीस, "माफी नको. कारण सांगा."

त्यानंतर तू खेळणे थांबवलेस. "मामांचा भरवसा न्हाई," असे कारण शिबिरातल्या लोकांना दिलेस, हसत. मी ते सहन केले. खरे तर त्या कारणाने माझी सुटका झाली होती. तू माझ्यावरच्या रागाने थांबलीस, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे तुला सांगावे लागणार नव्हते. दोन वर्षे मी त्या रागाच्या आडोशाला बसलो. दर रविवारी येत राहिलो. रॅम्प पुसून ठेवायचो. तू म्हणायचीस, "गंजायला लोखंड हाय व्हय ते?" मी तरी पुसायचो.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. तो बाजूला करायला लावून तू म्हणालीस, "अजून सांगितलं न्हाई तुम्ही."

"बरी हो. मग सांगतो."

"म्हंजी न्हाईच सांगणार," तू म्हणालीस, आणि नाकपुड्या फुलल्या. दोन दिवसांनी तू गेलीस.

माती दिल्यानंतर सहाव्या दिवशी शांता म्हणाली, "दादा, रॅम्प मनीषाला द्यायचा. ती सांगून गेलीया." मी म्हणालो, अजून राहू दे. ती म्हणाली, "तिनं सांगितलंय, मामा अजून राहू दे म्हणतील. म्हणतील तर ऐकू नगंस." मग काल टेम्पो केला. पारगावच्या पुलावरून, न्हावऱ्यामार्गे, शिरूर ओलांडून कारेगाव.

मनीषाचे घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. संतोष दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होता. मी दारात उभा राहिलो.

"या मामा, बसा," ती म्हणाली. "मी बसलेलीच हाय."

तुम्हा दोघींची थट्टा एकाच जातीची आहे. मला पाणी दिले. मी हत्यारांची पिशवी उघडली आणि बोळात रॅम्प उभा केला. तुझ्या खुर्चीसाठी लावलेल्या उंचीवर तो मनीषाला खूप खाली पडत होता. तिची खुर्ची तुझ्या खुर्चीपेक्षा उंच. मी स्टँडची खीळ काढली.

तुला आठवत असेल, त्या स्पर्धेआधीच्या दिवाळीनंतर तू मला स्टँडमध्ये आणखी एक भोक पाडायला लावले होतेस. "नेहमीच्या भोकाच्या वर अडीच इंच. अडीच म्हंजी अडीच." मी विचारले, कशाला? "उद्या खुर्ची बदलली तर?" तुझी खुर्ची बदलायची नव्हती. मी कुरकुर करत भोक पाडले, कडा घासल्या, रंग लावला. ते भोक कधी वापरले गेले नाही. आतला रंग काल तसाच होता. खीळ आत सरकवताना तो पहिल्यांदा खरवडला.

मी पातळी लावून पाहिली. रॅम्पचे वरचे टोक मनीषाच्या हनुवटीसमोर, जिथे पाहिजे तिथे होते. हलवावे लागले नाही. केसभरही नाही.

"हे माप कुठून आलं?" मी विचारले.

मनीषाने संतोषकडे पाहिले. संतोष म्हणाला, "सांग आता. काय राहिलंय?"

"ताईंनी फोन केला व्हता," ती म्हणाली. "त्या फायनलच्या आधी. दिवाळीत. माझी नवी खुर्ची आली व्हती, तिची उंची इचारली. म्हणल्या, मी ही एक स्पर्धा खेळून थांबणार हाय, डॉक्टरांनी सांगितलंय. मागनं रॅम्प तुझा. पण मामांना बोलू नगंस, त्यांना झेपायचं न्हाई."

संतोष पाळीला गेला. मी स्टुलावर बसून होतो.

तर तुला माहीत होते. माझ्याही तीन महिने आधी माहीत होते. तू माझ्यापासून लपवत होतीस आणि मी तुझ्यापासून. मी का वळलो, हे तू ओळखले होतेस की नाही, ते मला कळायला आता मार्ग नाही. तर्क करणार नाही. मोजल्याशिवाय फिटरने बोलू नये.

पण जे माझ्याकडचे आहे, ते सांगतो. दोन वर्षे तू मागत होतीस ते कारण.

मला अविश्वास वाटला नव्हता. चेंडू गेला असे वाटले नव्हते. तो तुझा शेवटचा चेंडू आहे हे मला ठाऊक होते, आणि तुझ्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही लिहिलेले नव्हते. बारा वर्षांत मी तुझा एकही चेंडू पाहिला नव्हता. तो न पाहता मी दौंडला परत जाऊ शकलो नसतो. एवढेच. यात तुझ्या विजेतेपदाचा बळी गेला, हे खरे आहे.

आणखी एक. डॉक्टर मला बोळात घेऊन गेले तेव्हा मी त्यांना विचारायला हवे होते, तुम्ही तिच्याशी बोललात का. नाही विचारले. त्या बँकेच्या साहेबासारखा मीही तुझ्याविषयी तुला सोडून दुसऱ्याशी बोललो आणि परत येऊन नेहमीचंच म्हणालो. मैदानात मी वळलो, ती चूक तू पाहिलीस. ही चूक तुला तेव्हापासूनच माहीत होती, असे आता दिसते. तिची माफी मागायची राहिली. ती मागतो.

मनीषाने काल एक चेंडू सोडून पाहिला. बोळात दुसरी जागा नव्हती, म्हणून मी नेहमीप्रमाणे तिच्यासमोर बसलो होतो. तिने हुकूम दिले. ती केसभर म्हणत नाही, "उलुसं" म्हणते. चेंडू उतरला. आवाज नितळ होता. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो मला वाचता येत नाही.

"बघा की मामा, सरावाला चालतं," ती म्हणाली.

"काय झालं ते सांग," मी म्हणालो.

"पायरीला लागला."

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. संतोषला सांधा पुसायला शिकवायचे आहे.

आता शेवटचे. मैदानात वळल्याबद्दल मी तुझी तीन वेळा माफी मागितली. तीनही वेळा ती खोटी होती. मला वाईट वाटले, पण पश्चात्ताप झाला नाही. म्हणूनच तू ती घेतली नाहीस. तुला खोटा सांधा ऐकू यायचा. त्या तिन्ही माफ्या मी आज परत घेतो.

मी वळलो तेव्हा लाल चेंडू निळ्याच्या कडेने वळसा घेत होता. वेग संपत आला होता. वाटले, आता थांबेल. तो आणखी अर्धा वेढा फिरला, त्याची शिवण वर आली, आणि पांढऱ्याला टेकून उभा राहिला. पांढरा हललादेखील नाही. नंतर पंच वाकून दोघांच्या मधे मापाचे पाते घालून पाहत होते. सर्वांत पातळ पाते. ते आत गेले नाही.

केसभरही अंतर नव्हते, सुवार्ता. मी पाहिले.